स्वस्त देशाच्या शोधात महाग सहल

मार्च उजाडला की युरोपातल्या ‘स्वस्त देशां’च्या याद्या फिरू लागतात. बल्गेरिया, रुमानिया, हंगेरी, अल्बानिया. तिथं खोली किती स्वस्त, जेवण किती स्वस्त, हे त्यात अगदी तपशिलानं असतं. बर्लिनला राहणाऱ्याला अशी यादी उपयोगी पडेल. जालना जिल्ह्यातल्या जाफराबादहून निघणाऱ्या शेतकऱ्याला ती चुकीचा हिशेब शिकवते.

आपला खर्च मुळात युरोपात पोचण्यातच होतो. आधी मुंबई गाठायची. मग मे महिन्यातलं विमान. जाऊन-येऊन माणशी पन्नास हजारांच्या खाली तिकीट क्वचितच मिळतं. युरोपातल्या बहुतेक देशांना एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी मोठ्या माणसाला 90 युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला 45. वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवाआकार. व्हिसा नाकारला तर फी परत नाही. 30,000 युरो संरक्षणाचा प्रवासविमा सक्तीचा. यातला एक रुपयाही पॅरिसऐवजी बल्गेरियातलं सोफिया निवडल्यानं कमी होत नाही. उलट मुंबईहून सोफियाला थेट विमान नाही. चार रात्रींसाठी स्वस्त देश शोधणारा खोलीभाड्यात वाचवलेलं विमानातच घालवून बसतो.

शिवाय याद्या शिळ्या असतात. सर्बियाला व्हिसा लागत नाही, असं अजून सांगितलं जातं. ती सवलत 1 जानेवारी 2023 पासून बंद आहे. ‘ज्या देशाची अपॉइंटमेंट मिळेल त्याचाच व्हिसा काढा’ हा सल्ला तर घातकच. जिथं सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडेच अर्ज करायचा, असा नियम आहे.

दुसरा पक्ष म्हणतो, यादी सोडा, दहा दिवसांत सात देशांची टूर घ्या, देशागणिक किती स्वस्त पडतं बघा! 1984 साली सुरू झालेल्या केसरी आणि 2013 साली सुरू झालेल्या वीणा वर्ल्ड या सहल कंपन्यांनी मराठी माणसाची भाषेची आणि जेवणाची धास्ती घालवली, हे श्रेय त्यांचंच. पण सहलीची किंमत देशांच्या संख्येनं भागायची हे कुठलं गणित? रोज नवं हॉटेल, रोज बसचे पाच-सहा तास, आणि हाती येतात बसच्या काचेतून काढलेले फोटो. भागायचं तर निवांत घालवलेल्या दिवसांनी भागा. मग तीच टूर महाग निघते.

तिसरा आक्षेप गावातलाच: शेतकऱ्याला युरोप कशाला? युरोप तर आपल्याकडे न बोलावता आला होता. इथून जवळच असईला 1803 साली लढलेला इंग्रज सेनापती वेलस्लीच पुढं वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला. आज राज्याचा कृषी विभागच शेतकऱ्यांच्या परदेश अभ्यास दौऱ्यांना अनुदान देतो. बियाण्यांच्या धंद्यावर नाव कमावलेल्या जालना जिल्ह्यात तरी हा प्रश्न शोभत नाही.

मग करायचं काय? पोचण्याचा खर्च ठरलेलाच असेल, तर तो जास्त दिवसांवर पसरायचा. एकच देश, दोन आठवडे, दोन मुक्काम, स्वयंपाकघर असलेली खोली. देश स्वस्त असण्याचा फायदा इथं मिळतो, कारण तो रोज मिळतो. म्हणजे बल्गेरियाला जाऊ नका, असं मी म्हणत नाही. चार दिवसांसाठी जाऊ नका. हा देश 2025 पासून पूर्णपणे शेंगेनमध्ये आहे, 2026 पासून तिथं युरो चालतो. सोफिया आणि प्लोवदिव ही दोन शहरं दीडशे किलोमीटरच्या अंतरात. कझानलकच्या खोऱ्यात मेच्या उत्तरार्धात अत्तराच्या गुलाबाची तोडणी भल्या पहाटे सुरू होते. बीजोत्पादन करणाऱ्या माणसाला ती आयफेल टॉवरपेक्षा जास्त काही सांगेल. दही तर तिथलं जगप्रसिद्ध. काकडी-टोमॅटोवर पांढरं चीज किसलेली शॉप्स्का आणि खोलीवर शिजवलेली खिचडी यांवर शाकाहारी माणूस मजेत राहतो.

आणि आपली उन्हाळी सुट्टी ही या हिशेबातली सगळ्यात मोठी सवलत. युरोपची झुंबड जुलै-ऑगस्टची. तेव्हा तिथल्या शाळा बंद असतात आणि खोल्यांचे भाव चढतात. आपल्याला मृगाच्या आधी परत यायचंच असतं. इथं पारा चाळिशीपार गेलेला असताना तिथं हवा सुखद आणि गर्दी कमी.

अडेल ते कागदावर. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून अनेकांनी रिटर्न कधी भरलेलंच नसतं, आणि अडत्याकडून रोखीनं घेतलेला पैसा व्हिसा अधिकाऱ्याला दिसत नाही. तेव्हा कर लागत नसला तरी रिटर्न भरा, मालाचे पैसे खात्यावर घ्या, सातबाराचं भाषांतर करून जोडा. व्हिसा हातात येईपर्यंत तिकीट पक्कं करू नका. म्हणूनच अर्जाला उशीर परवडत नाही. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात. मेमध्ये जायचं असेल, तर तुमचा महिना मार्च नव्हे, नोव्हेंबर.