पाट्यांमागचा दगड आणि कमानीखालची माणसे

मुंबईच्या फोर्ट विभागात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून हुतात्मा चौकापर्यंत जाणाऱ्या दादाभाई नवरोजी मार्गावरून रोज असंख्य नोकरदार चालत जातात. त्यांपैकी वर मान करून पाहणारे फारच थोडे. वर पाहण्याजोगे काही आहे याची कल्पनाच येऊ नये, अशी व्यवस्था या मार्गावरील पाट्यांनी कित्येक वर्षे करून ठेवली होती. पत्र्याच्या पाट्यांवर दिव्यांच्या पाट्या, त्यांवर प्लॅस्टिकचे कापड, मध्येच वातानुकूलन यंत्रांचे खोके आणि तारांची जाळी, या सगळ्यांच्या मागे कोरीव दगडी कमानी, स्तंभशीर्षे आणि सज्जे दडून गेले होते. ते पुन्हा उघडे करण्याचे जे प्रयत्न १९९८ पासून या मार्गावर झाले, त्यांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु अशा प्रयत्नांकडे केवळ सौंदर्यदृष्टीने पाहून भागणार नाही. दगड उघडा पडतो तेव्हा त्याच्या आडोशाला असलेल्या माणसांचे काय होते, हा प्रश्न श्रमिकांच्या चळवळीने विचारला नाही, तर तो दुसरे कोणी विचारण्याचा संभव नाही.

या मार्गाचा इतिहास बोलका आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारात पैशाचा पूर आला. त्याच सुमारास, १८६२ पासून, गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचे तट पाडण्यात आले व मोकळ्या झालेल्या जागेत रुंद रस्ते आखले गेले. त्यांपैकी एक हॉर्नबी रोड, म्हणजेच आजचा दादाभाई नवरोजी मार्ग. १८९६ मध्ये झालेल्या नियमानुसार येथील प्रत्येक इमारतीने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची सलग वाट ठेवणे बंधनकारक झाले. शैली ज्याची त्याची, पण कमान सर्वांची, असा तो नियम होता. त्यामुळेच गॉथिक, नवअभिजात आणि इंडो-सारसेनिक अशा भिन्न वळणांच्या इमारती शेजारी शेजारी उभ्या असूनही रस्ता एकसंध दिसतो, आणि मुंबईच्या पावसात छत्री न उघडता बरेच अंतर चालता येते. खासगी मालकीच्या जमिनीतून सार्वजनिक वाट काढून घेणारा हा नियम वसाहतवादी राजवटीने केला होता. स्वतंत्र भारतातील बिल्डरांकडून एवढे साधे काम किती नगरपालिकांना करून घेता आले आहे?

या दगडांना साम्राज्यशाहीचा वास येतो, तेव्हा ते झाकलेले राहिले तर बिघडले काय, असा आक्षेप काही मंडळी घेतात. हा आक्षेप वरवर क्रांतिकारक वाटला तरी उथळ आहे. पैसा कोणाचा होता हे खरे. पण हात कोणाचे होते? मालाडचा पिवळसर दगड, पोरबंदरचा पांढुरका चुनखडीचा दगड आणि काळा बेसॉल्ट फोडणारे, घडविणारे व चढविणारे हात इथल्या पाथरवटांचे, गवंड्यांचे आणि तेलुगू मुलखातून आलेल्या कामाठी मजुरांचे होते. या मार्गाच्या उत्तर टोकाला असलेल्या रेल्वेच्या भव्य स्थानकावरील पाने, पक्षी आणि प्राणी सर ज. जी. कलाशाळेतील भारतीय विद्यार्थ्यांनी कोरलेले आहेत. स्थापतिकारांची नावे ग्रंथांतून सापडतात, कोरणाऱ्यांची सापडत नाहीत. त्यांनी मागे ठेवलेला एकमेव दस्तऐवज म्हणजे हा दर्शनी भाग होय. तो पाटीखाली गाडणे म्हणजे श्रमाची उरलीसुरली साक्षही पुसणे होय.

आणि हा मार्ग ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या दादाभाईंनी काय केले? हिंदुस्थानातील संपत्तीचा ओघ इंग्लंडकडे कसा वाहतो, याचा आकडेवार हिशेब त्यांनी मांडला आणि १९०४ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅम येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय समाजवादी काँग्रेसपुढे जाऊन ब्रिटिश राजवटीची लूट वेशीवर टांगली. लुटीच्या काळात उभ्या राहिलेल्या इमारतींच्या रांगेला लुटीचा हिशेब मांडणाऱ्याचे नाव मिळाले, हा इतिहासाचा न्याय पुरेसा मार्मिक आहे. याच मार्गावर व्हाइटअवे लेडलॉ या विलायती दुकानाच्या इमारतीत १९४६ पासून खादी भांडाराने संसार थाटला. दर्शनी भाग तोच. आतले मालक आणि माल मात्र बदलले. दगडाचा वर्ग ठरलेला नसतो, त्याचा उपयोग कोण करतो यावर तो ठरतो.

दर्शनी भाग झाकण्याची ही रीत केवळ मुंबईची नाही, आणि ती केवळ दुकानदारांच्या अडाणीपणातून आलेली नाही. अमेरिकेत १९३५ मध्ये, महामंदीच्या ऐन भरात, काचेच्या एका बड्या कंपनीने गावोगावच्या मुख्य पेठांचे आधुनिकीकरण करण्याची मोहीम उघडली. तिचा रंगीत काचेचा माल खपायचा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर शहराबाहेर मोठमोठी विक्रीकेंद्रे उभी राहिली, गिऱ्हाईक मोटारीत बसून तिकडे गेले, आणि जुन्या पेठांतील दुकानदारांनी भांबावून आपल्या विटांच्या व ओतीव लोखंडाच्या इमारतींवर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे ठोकून घेतले. गिऱ्हाईक परत आले नाही. पत्रे मात्र राहिले. १९७७ मध्ये गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन लहान शहरांत मुख्य पेठांच्या पुनरुज्जीवनाचा प्रयोग सुरू झाला, आणि पुढे अशा प्रयोगांतून अनेक गावांत पत्रे उतरविण्यात आले. पत्र्यामागची वीट पुष्कळदा शाबूत निघाली. जेथे पत्रा बसविताना नक्षीच छिनून टाकली होती, तेथे मात्र काही उरले नव्हते. भांडवलाने आधी झाकण विकले, नंतर झाकण काढण्याचाही धंदा केला.

दादाभाई नवरोजी मार्गावरील काम पाहिले तर त्यातील शहाणपण मान्य करावे लागते. बंदीचा बडगा न उगारता आधी पाहणी झाली. कोणत्या इमारतीवर पाटी कोठे व केवढी बसावी याचे नियम आखले गेले. पाटी कमानीच्या पोकळीत बसवावी, स्तंभशीर्ष झाकू नये, अक्षरे सुटी असावीत, असे ते साधे नियम होते. दुकानदारांना व भाडेकरूंना समजावून त्यांना कामात सहभागी करून घेतले गेले. २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाची दखल घेतली गेली. येथे ओघानेच एक गोष्ट सांगितली पाहिजे. दुकानांच्या मराठी पाट्यांचा आग्रह आणि दर्शनी भागाचे जतन यांत विरोध आहे, असे काही व्यापारी भासवितात. ते खोटे आहे. मराठी नामफलक हा लोकांचा हक्क आहे. पण अक्षर मोठे म्हणजे भाषा मोठी, असे नव्हे. शिरोरेषेने बांधलेली सुबक देवनागरी कमानीच्या पट्टीत जितकी शोभते, तितकी प्लॅस्टिकच्या झगमगाटात कधीच शोभणार नाही.

पाटी उतरविल्यावर खरे काम सुरू होते, आणि ते कंत्राटदाराच्या घाईने होत नाही. दगडावर चढविलेला तैलरंग आतली ओल कोंडून ठेवतो. सिमेंटने भरलेल्या सांध्यांतून ओलीला वाट मिळत नाही. मग ती दगडातूनच बाहेर पडू पाहते आणि क्षारांनी दगडाचा पापुद्रा सुटत जातो. आतली लोखंडी तुळई गंजून फुगते आणि वरच्या कोरीव कामाला तडे देते. सांध्यात रुजलेला पिंपळ नुसता छाटून भागत नाही. वाळूचा मारा करून भिंत चकचकीत करणारा कंत्राटदार शंभर वर्षांची नक्षी चार दिवसांत घासून टाकतो. त्याऐवजी लेप लावून रंग सैल करावा लागतो, सांधे चुन्यानेच भरावे लागतात. हुतात्मा चौकातील १८६४ च्या फ्लोरा फाउंटनवर रंगाचे थरावर थर चढले होते. ते काढून मूळ पोर्टलंड दगड उघडा करण्याचे काम होऊन २०१९ मध्ये कारंजे पुन्हा सुरू झाले. चुन्याचे काम जाणणारा गवंडी आणि छिन्नी चालविणारा पाथरवट आज दुर्मीळ झाला आहे. सर्वांत कमी निविदेला काम देण्याच्या सरकारी पद्धतीत त्याच्या कौशल्याला भाव नाही, आणि तोही बहुधा ठेकेदाराचा रोजंदार असतो, ही या संपूर्ण विषयातील लाजिरवाणी बाब आहे.

आता मुख्य मुद्दा. मुंबईतील जुन्या इमारती भाडेनियंत्रण कायद्यामुळे मोडकळीस आल्या, हे घरमालकांचे पालुपद वर्तमानपत्रांनी इतके घोळविले आहे की पुष्कळ सुशिक्षितांना ते सिद्धच वाटते. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली, ही वस्तुस्थिती आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये प्रमाणभाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरविल्या, हेही खरे आहे. परंतु त्या गोठलेल्या भाड्याच्या आड पागडीची रक्कम कोणाच्या खिशात जात होती? आणि फोर्टमधील मोक्याच्या जागा त्याच भाड्यात वापरणारे सगळेच काही गरीब भाडेकरू नव्हते. बँका आणि मोठ्या कंपन्याही त्याच छत्रीखाली उभ्या होत्या. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या यांचे संरक्षण काढून घेतले. वाढलेले भाडे दगडाच्या दुरुस्तीवर खर्च करावे, अशी सक्ती मात्र कोणावरही झाली नाही. १९९५ च्या वारसा नियमावलीने इमारतींची श्रेणी ठरविली, आणि बांधकामाचा हक्क गमावणाऱ्या मालकाला तो हक्क अन्यत्र वापरता किंवा विकता येईल अशी सोय केली. दगडाचे मोल असे कागदावर उतरून बाजारात आले. भाडेकरूच्या वाट्याला त्या कागदातला तुकडाही आला नाही.

हा प्रश्न किती जीवघेणा आहे हे काळा घोड्याजवळच्या एस्प्लनेड मॅन्शनने, म्हणजे पूर्वीच्या वॉटसन हॉटेलने, दाखवून दिले आहे. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतून आणलेल्या लोखंडी सांगाड्यावर ही इमारत उभी राहिली; ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचे चित्रपट हिंदुस्थानात प्रथम येथे दाखविले गेले. पुढे आतील जागा फळ्या ठोकून तुकड्या-तुकड्यांनी विभागली गेली, सज्जे बंद झाले आणि तो प्रसिद्ध लोखंडी दर्शनी भाग ओळखू येईनासा झाला. २००५ मध्ये सज्ज्यांचा भाग कोसळून एका माणसाचा प्राण गेला. २०१९ मध्ये वकिलांच्या कचेऱ्या व लहान व्यवसाय बाहेर काढून इमारत रिकामी करण्यात आली, आणि ती पाडावी की वाचवावी हा वाद न्यायालयात गेला. वारसाप्रेमी लोखंडासाठी लढले, ते योग्यच होते. पण पिढ्यानपिढ्या तेथे बसणारा टंकलेखक, कारकून, चहावाला यांच्यासाठी कोणत्या परिषदेत ठराव झाला? इमारतीचा चेहरा वाचविणे आणि इमारत वाचविणे या दोन गोष्टी नाहीत. आतल्या तुळया, छप्पर, सांडपाण्याचे नळ यांना हात न लावता नुसता चेहरा उजळविणे हे भाडेकरूच्या जिवाशी खेळणे आहे.

उलट टोक अमृतसरमध्ये पाहायला मिळते. तेथे टाउन हॉलपासून सुवर्णमंदिरापर्यंतच्या रस्त्यावरील इमारतींवर सरकारी खर्चाने एकसारखे नवे मुखभाग चढविण्यात आले आणि २०१६ मध्ये त्या रस्त्याचे थाटात उद्घाटन झाले. खऱ्याखुऱ्या जुन्या भिंतींवर वारशाचा मुखवटा बसविला गेला. प्रवासी छायाचित्रे घेतात, हे खरे. परंतु पत्र्यामागे दडलेली वीट आणि मुखवट्यामागे दडलेली वीट यांत फरक तो कोणता?

कमानीखालच्या फेरीवाल्याचा प्रश्न यातूनच निघतो. दर्शनी भाग उजळला की पहिला बळी त्याचा जातो. २००५ मध्ये फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांना महापालिकेने उठविले. ज्या पथाऱ्यांवर गिरणीकामगारांच्या मुलांनी आणि महाविद्यालयीन तरुणांनी अर्ध्या किमतीत जगाचे वाङ्मय घेतले, त्या शहराच्या विद्रूपतेत मोजल्या गेल्या. काही विक्रेते पुढे परतले, ते स्वतःच्या चिवटपणावर. वाट मोकळी हवी हे कोणीही मान्य करील. म्हाताऱ्या माणसाला कमानीखालून धड चालता आले पाहिजे. पण पथारीची जागा आखून देता येते, जशी पाटीची जागा आखून दिली गेली. दुकानदाराशी चर्चा आणि फेरीवाल्याशी दंडुका, ही वाटणी वर्गीय आहे.

गंमत अशी की वारसा हा शब्द फेरीवाल्यांच्याही कायद्यात आहे. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे, ज्या नैसर्गिक बाजारात विक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करीत आहेत, तो वारसा बाजार म्हणून जाहीर करावयाचा असून तेथील विक्रेत्यांना हलवावयाचे नाही. वारसा समित्यांच्या चर्चेत स्तंभशीर्षांची मोजमापे इंचात होतात, पण या तरतुदीचा उल्लेख क्वचितच ऐकू येतो. याच कायद्याने नगर विक्रेता समितीत पथविक्रेत्यांचे किमान ४० टक्के प्रतिनिधी असावेत असे ठरविले आहे. मुंबईच्या वारसा नियमावलीत वास्तुतज्ज्ञ, अभियंते व इतिहासकार यांची तरतूद झाली, भाडेकरूंच्या प्रतिनिधीची झाली नाही.

कोलकाता, हैदराबाद, इंदूर, दिल्ली, जेथे जेथे जुन्या पेठांचे चेहरे धुण्याच्या योजना निघतात, तेथील पक्षशाखांनी व कामगार संघटनांनी त्या योजनांना केवळ विरोध करू नये आणि केवळ टाळ्याही वाजवू नयेत. कामाची परवानगी देण्यापूर्वी इमारतीतील भाडेकरूंची आणि कमानीखालील विक्रेत्यांची यादी नोंदविली जावी, काम संपल्यावर तीच यादी पुन्हा तपासली जावी, अंतर्गत दुरुस्तीविना दर्शनी भागाला निधी मिळू नये, आणि दगडकाम करणाऱ्या कारागिरांना कुशल कामगारांचे वेतन व विमा मिळावा, या मागण्या मांडता येण्याजोग्या आहेत. परातीवर उभे राहून कमानीचा सांधा चुन्याने भरणाऱ्या गवंड्याचे नावही या वेळी फलकावर लिहिले जावे.