‘सुपर’ ठरवतं कोण?

काही शब्द आपल्याकडे शाळेतून येतात, काही सिनेमातून येतात आणि काही बैलगाडीतून येतात. ‘सुपर’ हा शब्द मुंबई-पुण्याला बहुधा सिनेमावाल्यांनी आणला असावा. वऱ्हाडात मात्र तो कापसाच्या गाडीवर बसून आला. आज अमरावतीच्या राजकमल चौकातला चहा सुपर असतो, अकोल्याच्या टिळक रोडवरचं शर्टाचं कापड सुपर असतं आणि नातवाला पेपर कसा गेला विचारलं, तर तोही सुपरच गेलेला असतो. पण ज्यांचे केस माझ्यासारखे पांढरे झाले आहेत, त्यांच्या कानात या शब्दाचा आणखी एक वापर शिल्लक असेल. ‘काय भाऊ, कापूस कसा गेला?’ या प्रश्नाला ‘सुपरमंधी गेला ना!’ असं उत्तर यायचं. त्या उत्तरात कौतुक नव्हतं, हिशेब होता. सोसायटीचं कर्ज, किराणा दुकानाची उधारी, पोरीच्या लग्नाची तारीख हे सगळं त्या तीन अक्षरांवर टांगलेलं असायचं.

महाराष्ट्रात १९७१ साली कायदा झाला आणि १९७२ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. कास्तकारानं आपला कापूस सरकारी योजनेलाच विकायचा. खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लागायची. ग्रेडर यायचा, गाडीतला मूठभर कापूस ओढायचा, चिमटीत धरून धाग्याची लांबी पाहायचा, पत्ती किती, कवडी किती, ओल किती याचा अंदाज घ्यायचा आणि एक शब्द बोलायचा. सर्वांत वर सुपर, फेअर आणि एफएक्यू त्याच्या खाली. शब्द बदलला की भाव बदलला. ‘सायेब, एकडाव खालचा पाहा ना,’ ही विनवणी त्या काळच्या कुठल्याही केंद्रावर ऐकू यायची. सात-आठ महिन्यांच्या मेहनतीचं मोल दोन मिनिटांत आणि परक्या भाषेतल्या एका शब्दात ठरत असे.

भाषा परकी असली, तरी शब्द नात्यातला आहे. लॅटिन ‘सुपर’ म्हणजे वर. संस्कृतातलं ‘उपरि’ हे त्याचं भावंड आणि आपलं मराठी ‘वर’ हे त्या ‘उपरि’चंच झिजलेलं रूप. म्हणजे आपल्या ‘वर’चा हा दूरचा भाऊच हजारो वर्षांनी विलायतेहून परत आला. इंग्रजीत तो गुणवाचक झाला तोही व्यापारामुळे. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत उंची मालाला ‘सुपरफाइन’ म्हणण्याची रीत तिथं पडली होती. एकोणिसाव्या शतकात घाईतल्या व्यापाऱ्यांनी त्यातला ‘फाइन’ तोडून टाकला आणि नुसता ‘सुपर’ ठेवला. त्या शतकाच्या अखेरीस तो दुकानातून रस्त्यावर आला आणि कशालाही ‘छान’ म्हणण्यासाठी वापरला जाऊ लागला. पुढं नीत्शेच्या कल्पनेतला मनुष्य बर्नार्ड शॉच्या १९०३ च्या नाटकातून ‘सुपरमॅन’ म्हणून गाजला आणि १९३८ मध्ये तेच नाव घेऊन एक वीर अमेरिकेच्या चित्रकथेत उडू लागला. राजेश खन्नाला लोक ‘सुपरस्टार’ म्हणू लागले, तोवर या शब्दाचा कापडाशी काही संबंध होता हे कुणाला आठवतही नव्हतं.

वऱ्हाडाशी असलेला संबंध मात्र जुना आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि इंग्रजांची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. आगगाडी अकोला-बडनेऱ्यापर्यंत आली. १८७० साली खामगावच्या फाट्याचं उद्घाटन खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोनं केलं. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या कापसाला ‘ऊमरा’ म्हणत. अमरावतीचं इंग्रजी तोंडात ‘ऊमरावती’ झालं आणि त्याचं हे लाडकं रूप. त्या ऊमराला तिथं ‘गुड’, ‘फुली गुड’, ‘फाइन’, ‘सुपरफाइन’ अशा पायऱ्या होत्या. इकडे १८८६ साली कारंज्याचा कापूस बाजार नियमाखाली आला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी बाजाराचा कायदा झाला. म्हणजे वजन, माप आणि प्रत यांची शिस्त आपल्याला फार आधी लावली गेली. ती मुख्यतः विलायतेच्या सोयीसाठी होती, ही गोष्ट वेगळी.

पण या शब्दांच्या पायऱ्या सगळीकडे सारख्या नव्हत्या. अमेरिकेच्या जुन्या प्रतवारीत ‘फेअर’ हा सर्वांत वरचा दर्जा होता, आपल्या योजनेत तोच फेअर सुपरच्या खाली बसला. कापडातला सुपरफाइन तर आणखी निराळा. एका पौंडात सुताच्या ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात, तितका त्या सुताचा नंबर. सरकारी वर्गवारीत सरासरी ६१ किंवा त्याहून अधिक नंबरचं कापड म्हणजे सुपरफाइन. आमच्या जुन्या आखूड धाग्याच्या कापसातून इतकं तलम सूत निघणं शक्यच नव्हतं. म्हणजे वऱ्हाडचा कापूस लिव्हरपुलात सुपरफाइन ठरला, तरी त्याचं कापड सुपरफाइन व्हायचं नाही. यात विसंगती नाही. प्रत्येक ठिकाणी पट्टी वेगळी होती, पण पट्टी होती.

मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. आजही जिथं ‘सुपर’ला अर्थ आहे, तिथं त्याच्या मागं मोजमाप आहे. अमरावती-मुंबई गाडी सुपरफास्ट आहे, कारण रेल्वेच्या नियमाप्रमाणे ब्रॉडगेजवर सरासरी ताशी ५५ किलोमीटर धावणारी गाडी सुपरफास्ट. ५५ ऐकून कुणाला हसू येईल, पण आपण अधिभार कशाचा भरतो ते निदान कळतं. अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयाला लोक ‘सुपर’ म्हणतात. वैद्यकात सुपर स्पेशालिटी म्हणजे एमडी-एमएसच्या वरचं डीएम किंवा एमसीएचचं शिक्षण. तेव्हा कुठल्याही दवाखान्याच्या पाटीवर हा शब्द दिसला, की आत त्या शिक्षणाचा डॉक्टर आहे का, हे विचारायचा हक्क आपल्याला आपोआप मिळतो. चहाच्या सुपरला असं काही विचारता येत नाही, आणि विचारायची गरजही नाही. शब्द सैल होतात, ती भाषेची रीतच आहे. त्याबद्दल गळा काढणाऱ्यांतला मी नाही.

माझी तक्रार दुसरीच आहे. शब्द रस्त्यावर उधळला गेला आणि ज्याच्या पोटाशी त्याचा संबंध होता, त्याच्या पावतीवरून तो निघून गेला. तोट्याच्या ओझ्याखाली एकाधिकार २००२ मध्ये संपला. ग्रेडरच्या लहरीबद्दल तक्रारी पुष्कळ होत्या. एका केंद्रावरचा सुपर दुसऱ्या केंद्रावर फेअर होतो, असं शेतकरी उघड बोलत. त्या व्यवस्थेचे पोवाडे गाण्याचं कारण नाही. पण आता हमीभावाची खरेदी ज्या प्रतीच्या नावानं होते ती प्रत आहे एफएक्यू, म्हणजे रास्त सरासरी दर्जा. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७७१० आणि लांब धाग्याला ८११० रुपये जाहीर झाले. ओल ८ टक्क्यांच्या वर गेली की कपात आणि १२ च्या वर गेली की माल परत. खाली उतरायच्या पायऱ्या अशा नीट मोजलेल्या आहेत. वर चढायची पायरी कुठं आहे?

हमीभाव हवाच. तो पायाखालची जमीन आहे. पण स्वच्छ वेचणी फुकट होत नाही. दंव उडाल्यावर वेचायचं, पत्ती येऊ द्यायची नाही, कवडी वेगळी काढायची, शेवटची फरदड पहिल्या वेच्यात मिसळायची नाही, याला वेळ लागतो. वेचणारणीला मजुरी किलोवर मिळते. तिनं हात सावकाश चालवला तर तिचं नुकसान, आणि मालकानं तिला जादा दिले तर त्याचं. हे जादा पैसे पूर्वी ‘सुपर’ या शब्दातून निघायचे. सरासरीलाच भाव असेल, तर निगुतीनं वेचणारा शहाणा की वेडा? कापसाची लांबी, ताकद, तलमपणा मोजणारी यंत्रं आता आहेत. पण ते माप बहुधा रुईच्या गठाणी बांधल्यावर, गिरणीच्या उपयोगासाठी घेतलं जातं. कास्तकाराच्या हातात त्याचा कागद पडत नाही.

बँकेत आयुष्य काढल्यामुळे मला याची दुसरी बाजू दिसते. १९९२ पासून कर्जाची प्रतवारी आली. त्यात सर्वांत वरचा शब्द ‘स्टँडर्ड’. कितीही वेळेवर फेड करा, बँक तुम्हाला सुपर म्हणत नाही. खाली मात्र सब-स्टँडर्ड, डाऊटफुल, लॉस असा उतार. ‘सुपर’ म्हणजे उपरि, तसा लॅटिन ‘सब’ आपल्या ‘उप’चा भाऊ आणि त्याचा तिकडचा अर्थ खाली. अल्पमुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं की खातं सबमध्ये जातं. कापूस सुपर का झाला नाही, हे बँकेच्या फॉर्मवर विचारायला रकाना नसतो. ज्याला बाजार ‘वर’ म्हणत नाही, त्याला आम्ही मात्र अचूक तारखेला ‘खाली’ म्हणतो. खाली ढकलायला नियम आहे, तर वर उचलायलाही असावा, एवढंच साधं मागणं आहे. बाजार समितीतच ओल, पत्ती आणि धाग्याचं माप घ्यावं, त्याची पावती कास्तकाराला द्यावी आणि सरासरीच्या वर जेवढा माल असेल, तेवढा भावही वर असावा.

मग त्या पावतीवर कुठला शब्द छापायचा, याचा वाद खुशाल घाला. ‘उत्तम’ छापा, ‘अव्वल’ छापा, नाहीतर सुपरच राहू द्या. आकडा मात्र त्याच्या शेजारी हवा, म्हणजे कास्तकाराला पुन्हा एकदा मान वर करून ‘कसं काय?’ असं विचारता येईल.