सियाचिनची वर्षे कुठल्या रकान्यात लिहायची?

26 ऑक्टोबर 1962 ला आणीबाणी जाहीर झाली, तेव्हा सैनिकाच्या वर्षांची किंमत सरकारला चांगली कळत होती. चिनी फौजा आत शिरल्या होत्या, माणसे हवी होती. पंजाब सरकारने 1965 मध्ये नियम करून लेखी शब्द दिला की, आणीबाणीत केलेली लष्करी सेवा पुढे राज्याच्या नोकरीत वेतनवाढ, ज्येष्ठता आणि निवृत्तिवेतन या तिन्हींसाठी धरली जाईल. मग भीती ओसरली आणि शब्दही फिरला. हरियाणाने 1976 मध्ये हे नियम बदलले, तेही मागच्या तारखेने, राज्य जन्मले त्या 1 नोव्हेंबर 1966 पासून. ज्या हक्काच्या भरवशावर माणसे नोकरीत शिरली होती, तो सरकारने गुपचूप काढून घेतला. कॅप्टन अरोरा आणि त्यांच्यासारख्या माजी अधिकाऱ्यांना थेट सर्वोच्च न्यायालयात भांडावे लागले आणि 1984 मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द ठरवली. ज्याला संकटात हाक मारली, त्याच्याशीच कोर्टात लढायचे, हा निव्वळ करंटेपणा आहे.

माझी सारी नोकरी आस्थापना शाखेत गेली. सेवापुस्तके लिहिणे, ज्येष्ठता यादी लावणे, पदोन्नती समितीपुढे टाचण ठेवणे, हेच काम. माजी सैनिकाचे सेवापुस्तक हातात आले की मला दर वेळी संताप यायचा. सतरा-अठरा वर्षे वर्दीत काढलेला हवालदार अडतिशीला कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू होतो. त्या दिवसापासून त्याची सेवा शून्य. तेवीस वर्षांची मुले त्याच पंगतीत बसतात आणि त्यांच्यापुढे पस्तीस वर्षे असतात. याच्यापुढे जेमतेम वीस, कारण अठ्ठावन्नला घरी. वरच्या पदासाठी लागणारी किमान सेवा भरेपर्यंत, जागा रिकामी होईपर्यंत, त्याची निवृत्ती दारात आलेली असते. ज्याने दहा माणसांची तुकडी सांभाळली, दारूगोळ्याचा हिशेब चोख ठेवला, त्याला कार्यालयातल्या चार कारकुनांवर देखरेख करण्याचा अनुभव नाही, असे आपण लिहून देतो. असे शेरे मी स्वतः टाचणात वाचले आहेत.

नियमांच्या जगात यावर एक ठरलेले उत्तर आहे: आणीबाणीत गेलेल्यांची गोष्ट वेगळी, शांततेच्या काळात लष्करात जाणे ही इतरांसारखीच नोकरी. हिमाचल प्रदेशातल्या एका खटल्यात उच्च न्यायालयाने ज्येष्ठतेचा फायदा आणीबाणीत भरती झालेल्यांपुरता राखला आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. न्यायालयाचा मान ठेवूनही मी म्हणतो, ही रेघ चुकीच्या जागी ओढली आहे. चीनशी युद्ध 21 नोव्हेंबर 1962 ला थांबले. आणीबाणी मात्र 10 जानेवारी 1968 पर्यंत चालू होती. त्या वर्षांत एखाद्याने डेपोत खोकी मोजली असतील, तरी ती सेवा धरायची. आणि कारगिल? 1999 मध्ये आपले 527 जवान गेले, पण राज्यघटनेच्या अनुच्छेद 352 खालची आणीबाणीची घोषणा झालीच नाही. श्रीलंकेत शांतिसेना 1987 पासून 1990 पर्यंत लढली, हजाराहून जास्त जवान परतले नाहीत. तेव्हाही घोषणा नाही. सियाचिनवर एप्रिल 1984 पासून आपली माणसे वीस हजार फुटांच्या आसपास उभी आहेत, तिथे तर गोळीपेक्षा थंडीने जास्त बळी घेतले. कागदाच्या हिशेबी हा सगळा शांततेचाच काळ! साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीत जाऊन, जिथे घराघरात फौजी आहे, तिथे हे कुणी तोंड वर करून सांगून दाखवावे.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. बाविसाव्या वर्षी परीक्षा देऊन लागलेली बाई बारा वर्षे अव्वल कारकुनाच्या जागेची वाट पाहते आहे. काल आलेल्या माणसाला अठरा वर्षांची ज्येष्ठता देऊन तिच्या डोक्यावर बसवले तर तिच्यावर अन्याय होतो. भरतीतले आरक्षण, वयाची सवलत हे त्याला मिळालेलेच आहे. म्हणून ज्येष्ठता यादी उलटीपालटी करा असे माझे म्हणणे नाही. पण ज्येष्ठता वेगळी आणि पदोन्नतीसाठी लागणारी किमान पात्रता सेवा वेगळी, हे कुठल्याही आस्थापना लिपिकाला कळते. पात्रतेच्या वर्षांत लष्करी सेवा धरा, निम्मी तरी धरा. निवृत्तीला पाच वर्षे उरलेल्या माजी सैनिकासाठी लागेल तिथे अधिसंख्य पद निर्माण करा. अडचण आली की सरकार स्वतःच्या सोयीसाठी अशी पदे काढते, हे मी पाहिले आहे. यात त्या बाईचा एक दिवसही जात नाही.

‘पेन्शन मिळते ना, मग आणखी कशाला?’ हा प्रश्न तर मला संतापजनक वाटतो. पेन्शन म्हणजे झालेल्या कामाचा मोबदला. माणसाला कुठल्या कामाच्या लायकीचा समजायचे, हे त्यातून ठरत नाही. शिवाय हा युक्तिवादही आता टिकणार नाही. 2022 मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षे सेवा, त्यातले फार तर पंचवीस टक्के कायम, बाकीचे घरी, पेन्शन नाही आणि ग्रॅच्युइटीही नाही. ही मुले पंचविशीच्या आसपास पोलीस, महसूल, वनखात्याच्या दारात उभी राहतील. त्यांची चार वर्षे कुठे धरायची, याचे उत्तर द्यायला त्यांच्या बाबतीत पेन्शनची पळवाटही उरलेली नाही. पहिल्या तुकडीतला मुलगा रुजू होऊन सेवापुस्तकाचे पहिले पान भरले जाण्याआधी तसा शासन निर्णय निघाला पाहिजे. नंतर काढलेला आदेश पुन्हा कुणाला तरी कोर्टाची पायरी चढायला लावील.