कामगंध पतंगांचा, बाजार माणसांचा

कपाशीच्या शेतात काठीला टांगलेले प्लॅस्टिकचे सापळे आता विदर्भ-मराठवाड्यात नवे राहिलेले नाहीत. सापळ्यात एक छोटी ल्यूर ठेवलेली असते. गुलाबी बोंडअळीची मादी नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडते, त्याची ती नक्कल. नर पतंग त्या वासावर येतो आणि अडकतो. शेतकरी याला कामगंध सापळा म्हणतात. या गंधद्रव्याचं शास्त्रीय नाव फेरोमोन. हेच नाव छापलेल्या अत्तराच्या बाटल्या गेल्या काही वर्षांत ऑनलाइन बाजारात धडाक्यात खपत आहेत. मनगटावर दोन थेंब लावा, समोरची व्यक्ती आपसूक ओढली जाईल, असा जाहिरातींचा एकंदर सूर असतो. पतंगाला लागू ते माणसालाही लागू, हे त्यात गृहीत धरलेलं असतं आणि घोळ नेमका तिथेच आहे.

फेरोमोन हा शब्द १९५९ साली पीटर कार्लसन आणि मार्टिन ल्युशर यांनी घडवला. त्याच वर्षी अॅडॉल्फ ब्युटेनान्ट यांच्या गटाने रेशमाच्या पतंगाचा कामगंध शोधल्याचं जाहीर केलं. त्यासाठी जवळपास २० वर्षं आणि सुमारे पाच लाख पतंग लागले होते. आधी मादीच्या ग्रंथींतून द्रव्य वेगळं काढलं, मग त्याची रचना ओळखली, आणि तेच प्रयोगशाळेत बनवून नरासमोर ठेवल्यावर नर पंख फडफडवतो हे दाखवलं. फेरोमोन सिद्ध करायचं तर या पायऱ्या चढाव्या लागतात. माणसाच्या बाबतीत आजवर एकही रेणू त्या पूर्ण चढलेला नाही.

मग बाटलीत असतं काय? बऱ्याचदा अँड्रोस्टेनोन. ते डुकराचं फेरोमोन आहे. वराहपालनात त्याचा फवारा माजावर आलेली मादी ओळखायला वापरतात. वास आला की ती जागीच स्थिर उभी राहते. माणसांपैकी काहींना तो लघवीसारखा घाण वाटतो, काहींना येतच नाही. दुसरं नाव ऐकू येतं ते पुरुषांच्या घामात सापडणाऱ्या अँड्रोस्टाडिएनोनचं. त्याची जन्मकथा ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्रज्ञ ट्रिस्ट्रम वायट यांनी २०१५ मध्ये खणून काढली. १९९१ मध्ये पॅरिसला झालेल्या एका परिषदेत हा रेणू मानवी फेरोमोन म्हणून पुढे आला, आणि त्यामागे पेटंटमध्ये रस असलेली एक अमेरिकी कंपनी होती. हाच रेणू का निवडला, याचा पुरावा दिलाच गेला नव्हता. तरी पुढची कित्येक वर्षं संशोधक त्यावरच प्रयोग करत राहिले.

त्या प्रयोगांतून काहीच निघालं नाही, असं नाही. २००७ मध्ये हा रेणू हुंगलेल्या स्त्रियांच्या लाळेत कॉर्टिसॉल या ताणाशी संबंधित संप्रेरकाची पातळी चढी राहिली, मूडही सुधारल्याचं दिसलं. पण प्रयोगात वापरलेली मात्रा काखेतून नैसर्गिकपणे येणाऱ्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त होती. पुढे २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात चाचणी झाली, तेव्हा या रेणूमुळे समोरचा चेहरा अधिक आकर्षक वाटतो, असं काही आढळलं नाही.

मुलींच्या वसतिगृहांत वर्षानुवर्षं टिकलेला समज याहून जुना आहे. एकत्र राहिलं की सगळ्यांची मासिक पाळी एकाच सुमारास येते, असा. त्याचं मूळ मार्था मॅक्लिन्टॉक यांच्या १९७१ च्या अभ्यासात आहे. अमेरिकेतल्या वेलस्ली कॉलेजच्या १३५ विद्यार्थिनींच्या पाळीच्या तारखा त्यांनी तपासल्या होत्या. १९९८ मध्ये त्यांनीच, काखेतल्या घामातल्या द्रव्यांनी बीजोत्सर्गाची वेळ मागेपुढे होते, असं मांडलं. चीनमध्ये १८६ विद्यार्थिनींच्या नोंदी सुमारे वर्षभर ठेवल्या गेल्या, तेव्हा मात्र असा मेळ दिसला नाही. २००६ मध्ये तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि मूळ अभ्यासातला मेळही योगायोगाच्या पातळीचाच होता, असं त्या संशोधकांनी दाखवलं. गणित साधं आहे. एकीचं चक्र २८ दिवसांचं, दुसरीचं ३० दिवसांचं. सुरुवातीला १० दिवसांचं अंतर असेल, तर दर महिन्याला दोन-दोन दिवस कमी होत पाचव्या फेरीला दोघींची पाळी एकाच दिवशी येते आणि पुढे पुन्हा लांब जाते. जवळ आलेली लक्षात राहते, लांब गेलेली कोण मोजतं? यात धोका एवढाच की पाळी सतत चुकत असताना ‘रूममेटमुळे होतंय’ म्हणून सोडून दिलं जातं, आणि थायरॉइड किंवा पीसीओएसची तपासणी लांबते.

वासाचा माणसावर परिणामच होत नाही, असा याचा अर्थ मात्र नव्हे. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत नोम सोबेल यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं, की स्त्रियांचे अश्रू हुंगल्यावर पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन उतरतं. अश्रूंना वास जाणवत नाही, तरीही. नेदरलँड्समधल्या संशोधकांना नंतर आकर्षण कमी झाल्याचा भाग पडताळता आला नाही. २०२३ मध्ये मात्र सोबेल यांच्याच गटाने, अश्रूंमुळे संगणकावरच्या खेळातली पुरुषांची आक्रमकता ४० टक्क्यांहून अधिक कमी झाल्याचं नोंदवलं. निष्कर्ष लक्षवेधी आहे, पण सहभागी थोडे, आणि नेमका रेणू हाती लागलेला नाही. दुसऱ्या प्रयोगशाळेत तो पुन्हा दिसेपर्यंत त्यावर घर बांधू नये.

वायट यांच्या मते शोध मुळात चुकीच्या जागी चालला आहे. मोठी माणसं साबण, अत्तर, आठवणी आणि अपेक्षा घेऊन प्रयोगाला येतात. नवजात बाळाकडे यातलं फारसं काही नसतं. फ्रान्समध्ये २००९ मध्ये झालेल्या प्रयोगात स्तनाग्राभोवतीच्या छोट्या ग्रंथींचा स्राव तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांच्या नाकाशी नेला, तर ती चोखण्याच्या हालचाली करू लागली, श्वासही बदलला. स्राव स्वतःच्या आईचा नव्हता, म्हणजे ओळखीच्या वासाचा प्रश्न नव्हता. सशाच्या दुधातला असा एक रेणू २००३ मध्ये ओळखला गेला आहे. माणसातला अजून वेगळा काढायचा आहे. तो सापडला, तर अंगावर पिणं जमत नसलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना त्याचा उपयोग होईल, अशी वायट यांना आशा आहे.