मंडळाचा पाऊस आणि आपल्या वावरातला पाऊस

सोयाबीन काढणीला यावं आणि रात्रभर पावसानं झोडपावं, अशा सकाळी जालना जिल्ह्यात सगळे एकच आकडा शोधत असतात. आपल्या महसूल मंडळात किती मिलिमीटर झाला? चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर गेला तर अतिवृष्टी. कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर हा आकडा मंडळनिहाय मिळतो. घनसावंगीचा शेतकरी तो बांधावर उभं राहून मोबाइलवर पाहतो. तहसीलमधला लिपिक अहवालासाठी पाहतो, वार्ताहर बातमीसाठी पाहतो, आणि पावसाच्या लहरीपणावर प्रबंध लिहिणारी विद्यार्थिनी गेल्या दहा वर्षांचे आकडे एकाखाली एक मांडायला घेते. तक्ता एकच असला तरी चौघांचं काम वेगळं असतं, आणि ज्याचं नुकसान झालेलं असतं त्याला तो तक्ता समजावून सांगायला बहुतेक वेळा जवळ कुणीच नसतं. म्हणून हे लिहितो आहे.

पाऊस मोजण्याची सरकारी रीत सकाळ ते सकाळ अशी आहे. मंगळवारी रात्री पडलेला पाऊस बुधवारच्या तारखेखाली दिसतो. हे माहीत नसल्यानं कितीतरी जण मंगळवारचं पान उघडतात, तिथे शून्य पाहतात आणि आपला पाऊस लिहिलाच नाही असं समजून संतापतात. दुसरी गोष्ट, पर्जन्यमापक मंडळात एखाद्या ठिकाणी असतो आणि मंडळात गावं अनेक असतात. तुमच्या शिवारात ढग फुटला आणि यंत्राच्या गावात नुसती भुरभुर झाली, असं होऊ शकतं. अशा वेळी आकड्याशी भांडत बसण्यापेक्षा पंचनाम्यासाठी त्याच दिवशी लेखी अर्ज द्या, तारीख दिसेल असे फोटो काढून ठेवा. आणि जिल्ह्याची सरासरी तर शेतकऱ्यानं बाजूलाच ठेवावी. अजिंठ्याच्या डोंगररांगेकडे झुकलेलं भोकरदन आणि गोदाकाठचा अंबड-घनसावंगीचा पट्टा यांचा पाऊस एकत्र करून काढलेली ती सरासरी मंत्रालयातल्या नियोजनाच्या उपयोगाची आहे. तुमच्या वावराबद्दल ती काहीच सांगत नाही.

2025 च्या खरिपापासून राज्यात पीक विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या उत्पादनावर ठरते. त्यामुळे विम्यासाठी पावसाच्या आकड्याहून तो प्रयोग महत्त्वाचा. आपल्या गावात प्रयोग कोणत्या प्लॉटवर, कधी आहे हे सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीच्या कृषी सहायकाला) विचारा आणि त्या वेळी तिथे हजर राहा. आकडा तयार होताना पाहिलेला माणूस पुढे तो बरोबर वाचतो.

बाजारभावाचंही असंच. पणन मंडळाच्या संकेतस्थळावर जालना बाजार समितीच्या नावापुढे आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. शेतकऱ्याची नजर कमाल दरावर जाते. तो दर कदाचित एखाद्याच चांगल्या वाळलेल्या, काडीकचरा नसलेल्या ढिगाला मिळालेला असतो. व्यापारी आधी आवक पाहतो, कारण उद्या भाव कुठे जाईल याचा अंदाज त्याला तिथून येतो. आपण सर्वसाधारण दर पाहावा. बहुतेक माल त्या भावाच्या आसपास गेलेला असतो. त्यातही एका दिवसाचा न पाहता आठवडाभराचा पाहावा. मोसंबी लावणाऱ्यांनी तर दोन-तीन वर्षांचे आंबे बहराचे आणि मृग बहराचे भाव वेगळे काढून वहीत लिहावेत. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, पण बाग ठेवायची की तोडायची हे ठरवताना ती वहीच कामाला येते.

आता लोकसंख्या घ्या. 2011 च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या 19,59,046 होती. 2001 मध्ये ती 16,12,980 होती. 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे संकेतस्थळांवर अजून तोच 2011 चा आकडा आहे. ‘इतका जुना आकडा काय कामाचा?’ असं लोक विचारतात. उत्तर विचारणाऱ्यावर अवलंबून आहे. सरपंचाला तो जिवंत आहे, कारण 15 व्या वित्त आयोगाच्या निधीचा हिशेब 2011 च्या लोकसंख्येवर झाला. मंठ्यात आज दवाखाना किंवा दुकान काढू पाहणाऱ्याला मात्र तोच आकडा फसवेल. त्यानं अंगणवाडीच्या नोंदी, मतदारयादी, शाळेची पटसंख्या यांचा आधार घ्यावा.

गावाचा आकडा शोधताना आणखी एक अडचण येते. जनगणनेच्या तक्त्यांत नावं इंग्रजीत आहेत आणि स्पेलिंग आपल्या मनासारखं नसतं. जाफराबादही तिथे आपण लिहितो तसं लिहिलेलं नाही. पिंपळगाव नावाची गावं तर तालुक्यागणिक सापडतात. गावाला सहा अंकी सांकेतिक क्रमांक असतो. तो एकदा शोधून ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवा, पुढच्या प्रत्येकाची तासभराची पायपीट वाचेल.

प्रकल्प करणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या गुरुजींना एक विनंती. जिल्ह्याची 2011 ची साक्षरता सुमारे साडेएकाहत्तर टक्के, हा आकडा सात वर्षं आणि त्यावरच्या वयाच्या लोकांचा आहे. एकूण लोकसंख्येला त्यानं गुणलं की उत्तर चुकतं. आणि वार्ताहर मित्रांनो, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या जिल्हा पत्रकात काही आकडे कंसात असतात. तो कंस सजावटीचा नसतो. तो आकडा फक्त 25 ते 49 जणांच्या माहितीवर बेतलेला असतो, आणि 25 हून कमी असतील तर तिथे फक्त फुली असते. अशा आकड्यावर मथळा करू नका. त्या मथळ्यामुळे एखाद्या गावाची, एखाद्या आशाताईची नाहक बदनामी होते.

ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं आपलं संकेतस्थळ सुधारताना ते वापरणारे कोण याची वर्गवारी केली. त्यात तज्ज्ञ विश्लेषक आणि धोरणं ठरवण्यात वजन असलेली माणसं होती, तसा चौकस नागरिकही होता. आपल्याकडे राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी आर्थिक पाहणी काढतं, जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचनही काढतं. काम मोलाचं आहे. पण ते तक्ते पाहून मनात येतं, बदनापूरच्या एखाद्या ताईनं बचत गटासाठी हे उघडलं तर तिला काय सापडेल? शेकडो पानांची पीडीएफ, मोबाइलवर न मावणारे रकाने. ज्यांना संगणक येतो त्यांच्यासाठीच हे दार नीट उघडतं, आणि हे मला खरंच सलतं.

म्हणून मागायला शिका. जालन्यात जिल्हा सांख्यिकी कार्यालय आहे. आपल्याला काय हवं आहे, कोणत्या गावासाठी, कोणत्या कामासाठी, हे साध्या मराठीत लिहून द्या. 15 ऑगस्ट किंवा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत गावाचे पाच आकडे मोठ्यानं वाचायला लावा आणि ते चूक वाटले तर तिथल्या तिथे सांगा. घरात शिकलेली मुलगी असेल तर तिनं शेजारच्या आजोबांना मंडळाचा पाऊस वाचून दाखवावा. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी भाव विचारायला आलेल्याला कोणता रकाना पाहायचा तेवढं सांगावं, दोन मिनिटं लागतात.

आणि हे आकडे आपणच देत असतो. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू आहे, तिथे पेरा आपल्याच बोटानं नोंदवला जातो. वावरात कपाशी आणि नोंद सोयाबीनची असेल, तर पेऱ्याचे सगळे तक्ते तिथूनच चुकतात. पुढची जनगणना 1 मार्च 2027 ही तारीख धरून होते आहे. प्रगणक दारात आला की त्याला चहा द्या, ऊसतोडीला गेलेल्या भावाचं, सासरहून परत आलेल्या बहिणीचं नाव विचारून नीट सांगा. कायद्यानं तुमची वैयक्तिक उत्तरं गुप्त राहतात, भिऊ नका. मुलीचं वय दोन वर्षं वाढवून सांगू नका.