दुचाकीचा आहार

काष्टीहून एका वाचकबंधूंचें पत्र आलें आहे. त्यांच्या घरीं दोन स्कूटरी. एक वडिलांची, बजाजची जुनी टू-स्ट्रोक चेतक. दुसरी अलीकडची, जीवर बसून सूनबाई शाळेंत शिकवावयास जातात. वडिलांचा आग्रह असा कीं, दोन्ही गाड्यांना पंपावरचें महाग ‘पंच्याण्णव’च घालावें, त्यानें इंजिन टिकतें आणि गाडी जोर धरते. सूनबाईंना हा खर्च व्यर्थ वाटतो, पण मामंजींसमोर तें बोलावें कसें? म्हणून चिरंजीवांनीं आम्हांस पंच नेमलें आहे. लिटरमागें कांहीं रुपयांचाच हा वाद. परंतु महिन्याचा हिशेब लिहिणाऱ्या हाताला तो जाणवतो, आणि वडिलांना तर आपली चेतक बिघडेल ही खरीच धास्ती आहे.

ऑक्टेनचा आंकडा हा पेट्रोलच्या जोराचा किंवा शुद्धतेचा आंकडा नव्हे. तो त्याच्या सहनशीलतेचा आहे. सिलिंडरमध्यें हवा व पेट्रोल यांचें मिश्रण दट्ट्यानें दाबलें जातें, दाबल्यानें तें तापतें, आणि मग प्लगची ठिणगी त्याला पेटविते. ठिणगीची ज्योत सर्वत्र पोहोंचण्यापूर्वींच उरलेलें मिश्रण आपण होऊन भडकलें, तर हातोडीनें धातू ठोकावा तसा टकटक आवाज येतो. यालाच कारागीर नॉकिंग म्हणतात. तें फार दिवस चाललें तर दट्ट्याची हानि होते. तें टाळण्याचें सामर्थ्य मोजण्यासाठीं आयसोऑक्टेनला शंभर व हेप्टेनला शून्य गुण दिलेले आहेत. ९१ ऑक्टेन म्हणजे पहिल्याचे ९१ व दुसऱ्याचे ९ भाग मिसळल्यावर जितका धीर येईल, तितका.

आतां, दाब जितका अधिक तितका हा धीर अधिक हवा. सूनबाईंच्या स्कूटरीसारख्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडींत मिश्रण साधारण नऊ ते साडेदहा पट दाबलें जातें. जुन्या चेतकमध्यें त्याहूनही कमी. अशा इंजिनांस ९१ पुरेसें होतें. न लागणारी सहनशक्ति विकत घेतली, तर ती धुराबरोबर बाहेर जाते, इतकेंच. काष्टीच्या शनिवारच्या जनावरांच्या बाजारांत मुरलेल्या गृहस्थांना हें निराळें सांगावयास नको. गोठ्यांत बसून असणाऱ्या बैलास नांगराच्या बैलाइतकी पेंड घातली म्हणून कांहीं तो नांगर ओढूं लागत नाहीं!

तथापि वडिलांची समजूत निराधार नाहीं. १९२१ मध्यें अमेरिकेंत मिडग्ले यांस शिशाचें एक संयुग नॉकिंग थांबवितें असें आढळलें, आणि पुढें जगभर पेट्रोलांत शिसें घालूं लागले. मुलांच्या मेंदूस तें घातक. आपल्याकडे तें सर्वत्र बंद व्हावयास २००० साल उजाडावें लागलें. त्यानंतरही कित्येक वर्षें साधें पेट्रोल ८८ ऑक्टेनचेंच मिळे. ९१ सर्वत्र झालें तें २०१० मध्यें. ज्यांनीं उमेदीचीं वर्षें तसल्या पेट्रोलवर गाडी हांकली, त्यांचा मोठ्या आंकड्यावर विश्वास बसला तर नवल काय?

पण खरी मौज पुढेंच आहे. श्रीगोंदें तालुका उसाचा. उसापासून साखर होते, तसेंच इथेनॉल, म्हणजे मद्यार्कही होतो. या मद्यार्काचें ऑक्टेन शंभराहूनही वर आहे. २०२५ मध्यें देशांत पेट्रोलांत शेंकडा वीस इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गांठला गेला, आणि अशा मिश्रणाचें ऑक्टेन ९५ भरतें असें सरकारनें त्याच वर्षीं सांगितलें. म्हणजे मामंजींना हवें असलेलें पंच्याण्णव साध्या नळींतूनच, भोंवतालच्या उसाच्या फडांतून येऊन, टांकींत पडत आहे!

मात्र त्याबरोबर दुसरी कांहीं पाहुणेमंडळीही येतात. इथेनॉलमध्यें पेट्रोलपेक्षां सुमारें एकतृतीयांश उष्णता कमी असते. जुन्या धर्तीच्या दुचाकींचें मायलेज त्यामुळें शेंकडा तीन-चार घटेल, असा नीति आयोगाच्या २०२१ च्या आराखड्याचा अंदाज होता. शिवाय मद्यार्क पाणी ओढून घेतो. पाणी फार झालें कीं तें मद्यार्कासह टांकीच्या तळाशीं बसतें, आणि पत्र्यास गंज चढतो. जुन्या रबरी नळ्या व गॅस्केटें हीं याला सरावलेलीं नसतात. जुन्या वाहनांत असे कांहीं भाग वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, हें सरकारनेंही मान्य केलें आहे. चेतकची काळजी करावयाची तर ती येथें करावी, ऑक्टेनविषयीं नव्हे.

तेव्हां आमचा निवाडा असा. सूनबाईंनीं गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका उघडून पाहावी. तींत ९१ लिहिलें असेल तर साधेंच घालावें. चढावर खरोखरच टकटक ऐकूं आली, तर महाग पेट्रोलकडे धांवण्यापूर्वीं कारागिराकडून प्लग व साचलेली काजळी तपासून घ्यावी. चेतक फारशी फिरत नसेल, तर तिच्या टांकींत महिनोन्‌महिने पेट्रोल ठेवूं नये; लागेल तितकें भरावें, तें आठ-पंधरा दिवसांत संपवावें, आणि टू-टी ऑईल पुस्तिकेंत सांगितलें असेल तितकेंच, सामान्यतः शेंकडा दोन, मिसळावें. महाग पेट्रोलचे जे पैसे वांचतील, त्यांतून वडिलांनीं स्वतः उभें राहून पेट्रोलची नळी नवी बसवून घ्यावी. ती इथेनॉल सोसणारी आहे ना, हें दुकानदारास विचारण्यास मात्र विसरूं नये.