डेड स्टॉकमधली पद्मिनी

वर्कशॉपच्या मागे, लिंबाच्या झाडाखाली एक गाडी उभी आहे. कधीकाळी ती पांढरी होती. तिच्या बोनटवर होस्टेलच्या पोरांचे टॉवेल वाळतात, टपावर मांजर झोपतं आणि सबमिशनच्या दिवसांत तिच्या सावलीला बसून आपण एकमेकांची जर्नलं उतरवतो. चारही टायर बसलेत. ही गाडी म्हणजे प्रीमिअर पद्मिनी, जिला आपले वडील-काका अजूनही 'फियाट'च म्हणतात. यंदाच्या डेड स्टॉक तपासणीत तिच्या नावापुढे 'निर्लेखित करावी' असा शेरा पडलाय, अशी बातमी आहे. म्हणजे एक दिवस भंगारवाल्याचा टेम्पो येणार आणि गाडी किलोच्या भावाने जाणार.

माझं म्हणणं साधं आहे. ती जाऊ देऊ नये. उलट ती चालू करावी, आणि ती आपणच चालू करावी.

हसू नका मित्रांनो, आधी एक किस्सा ऐका. मागच्या मे महिन्यात आम्ही वसमतहून औंढा नागनाथाच्या दर्शनाला निघालो होतो. मामांची पद्मिनी, पुढच्या सलग सीटवर तिघं, मागे तिघं. मामा रिटायर्ड शिक्षक आहेत. दर पाच वर्षांनी पासिंग करून ते ही गाडी पोटच्या पोरासारखी सांभाळतात. दुपारी बाराचं ऊन. अर्ध्या रस्त्यात गाडीने दोन-चार आचके दिले आणि बंद पडली. सेल्फ मारला तर इंजिन फिरतंय, पण पकडत नाही. गाडीत मी आणि मावसभाऊ, दोघंही मेकॅनिकलचे. मामीने मागे वळून विचारलं, "का रे, तुम्ही दोघं इंजिनिअर व्हायला गेलात ना? मग गाडी काऊन चालंना?"

मामा शांतपणे उतरले, झाडाखाली जाऊन बसले आणि म्हणाले, "आधी तुम्ही बघा."

आम्ही बोनट उघडलं. खरं सांगतो, पंधरा मिनिटं आम्ही नुसतंच बघत होतो. ज्या कार्बुरेटरची आकृती मी परीक्षेत स्केलपट्टीने काढून आलो होतो, तो समोर होता आणि मला त्याचा फ्लोट चेंबर कुठल्या बाजूला हे सांगता येत नव्हतं. शेवटी मामा उठले. डिकीतून फडकं काढलं, पाण्याच्या बाटलीत भिजवलं आणि इंजिनच्या बाजूला असलेल्या पेट्रोल पंपावर गुंडाळलं. थोडा वेळ थांबून सेल्फ मारला. गाडी चालू!

"काय झालं होतं?" मी विचारलं. "पेट्रोलची वाफ झाली होती. तुम्हाला शिकवलं असेल की," मामा म्हणाले.

शिकवलं होतं, अगदी नीट शिकवलं होतं. पद्मिनीची टाकी मागे आणि पंप पुढे, इंजिनलाच लावलेला. पंप पेट्रोल ओढतो म्हणजे त्याच्या तोंडाशी दाब कमी होतो. दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो. त्यात इंजिनची धग आणि मराठवाड्याचा मे महिना! पेट्रोलमधले हलके घटक तसेही चाळीसएक डिग्रीच्या आसपास उकळायला लागतात. पंपात वाफ भरली की पडदा नुसता हलतो, पेट्रोल पुढे जात नाही. हायड्रॉलिक मशिन्समध्ये सेंट्रिफ्यूगल पंपाचं कॅव्हिटेशन घोकलंय ना, त्याचाच हा भाऊ. आणि ओलं फडकं का चाललं? एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते आणि ती फडक्याने पंपाकडून घेतली. म्हणजे थर्मोडायनॅमिक्सही होतं, फ्लुइड मेकॅनिक्सही होतं. दोन्ही पेपरांत मला बरे मार्क आहेत. पण त्या रस्त्यावर ते मार्क बाहेर आले नाहीत, कारण तो पंप मी कधी हातात धरलेला नव्हता.

म्हणून मला आपल्या मागची गाडी आठवली.

ही गाडी कोण हेही थोडं सांगतो. सोलापूरचे वालचंद हिराचंद, सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच, यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून इटलीच्या फियाटची '११०० डिलाइट' बनू लागली आणि सत्तरच्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळ्या-पिवळ्या पद्मिनीचं पर्व संपलं. इतकी वर्षं ही टॅक्सी टिकली ती कुणा कॉम्प्युटरमुळे नाही. तिचा प्रत्येक भाग साध्या मिस्त्रीला दिसत होता, समजत होता आणि साध्या पान्यांनी उघडत होता.

आपल्यासाठी तिचा मोठा गुण हाच आहे. आजच्या गाडीचं बोनट उघडलं तर वर प्लॅस्टिकचं झाकण असतं. स्कॅनर लावा, कोड येईल, पार्ट बदला. पद्मिनीत प्रत्येक 'का?'चं उत्तर डोळ्यांना दिसतं. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. करा गणित, चार सिलिंडरचे १०८९ सीसी येतात आणि पुस्तिकेत तेच लिहिलंय. वर्गात केलेलं गणित लोखंडात बरोबर निघालेलं बघण्यात एक वेगळीच मजा आहे.

आता ठिणगीचं बघा. डिस्ट्रिब्यूटरचं टोपण काढलं की आत पॉइंट दिसतात. ते मिटलेले असताना कॉइलमधून करंट जातो. ते उघडले की चुंबकक्षेत्र एकदम कोसळतं आणि दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट तयार होतात. साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरची ही फट. ती चुकली की टायमिंग हललं, गाडी ओढत नाही, पेट्रोल जास्त पिते. पॉइंट सारखे जळत असतील तर नुसते घासून भागत नाही, कंडेन्सर तपासावा लागतो. नुसते पॉइंट घासणारा कामगार आणि कंडेन्सरपर्यंत पोचणारा इंजिनिअर, यांच्यात फरक असेल तर तो एवढाच आहे.

टॅपेट सेटिंगचंही तसंच. तापल्यावर धातू वाढतो म्हणून व्हॉल्व्हला फट ठेवायची, हे सगळ्यांना येतं. पण फीलर गेज हातात घेतल्यावर पहिला प्रश्न पडतो, की सुरुवात कुठून करायची? फायरिंग ऑर्डर १-३-४-२. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलत असतील, तेव्हा पहिल्याचे सेट करायचे. तिसऱ्याचे हलत असतील तेव्हा दुसऱ्याचे. आणि उलटंही. बेरीज कायम पाच. हे एकदा हाताने केलं की व्हॉल्व्ह ओव्हरलॅप आयुष्यात विसरणार नाही.

पाण्याचं तर आपल्या होस्टेलमध्येच प्रात्यक्षिक चालू आहे. बादलीत टाकायच्या हीटरच्या रॉडवर पांढरा थर बसतो आणि मग पाणी तापायला उशीर होतो, हे रोज बघतो की नाही? बोअरच्या जड पाण्यातला तो क्षार आहे. तेच पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं तर नळ्यांत आणि इंजिनच्या पोटात तसाच थर बसतो, उष्णता बाहेर जात नाही आणि उन्हाळ्यात काटा लाल रेघेवर जातो. उपाय काय, तर स्वच्छ मऊ पाणी किंवा कूलंट, आणि ठरावीक काळाने फ्लशिंग. आणि हो, इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. दाब सुटताच पाणी उसळून तोंडावर येतं.

सगळ्यात महत्त्वाचे ब्रेक. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. पास्कलचा नियम सगळ्यांना पाठ आहे. पण तो नियम शेवटी व्हील सिलिंडरमधल्या एका छोट्या रबरी कपावर उभा आहे, हे कपातून ऑइल गळून लायनर भिजल्याशिवाय कळत नाही. एका चाकाचा लायनर भिजला की ब्रेक मारताच गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. मग त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि सिलिंडर आतून गंजतात, म्हणून वरून चांगलं दिसलं तरी दोनेक वर्षांनी बदलायचं असतं. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ड्रममधली धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नये, स्टँड लावावेत. या गोष्टी परीक्षेला येत नाहीत, पण यातली एक चुकली तर एटीकेटी मिळत नाही!

आता दुसरी बाजू. आमच्या एका सरांचं म्हणणं असं, की "अरे, जग इलेक्ट्रिकवर चाललंय आणि तुम्ही कार्बुरेटर कसले उघडता? ती जागा ईव्ही लॅबला लागणार आहे." सरांचं चूक नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या मोटरसायकलींमधूनही कार्बुरेटर जवळपास गेला. पद्मिनीचा धूर आजच्या कुठल्याही नियमात बसणार नाही. जुनी गाडी फार भारी होती असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. तिला सीटबेल्टच्या पुढची सुरक्षितता माहीत नाही आणि चढावर तिचे साधारण चाळीस घोडे लवकर दमतात. ईव्ही लॅब झालीच पाहिजे.

पण ईव्हीलासुद्धा ब्रेक ऑइल आहे, व्हील बेअरिंग आहे, सस्पेन्शनचे बुश आणि बॉल जॉइंट आहेत, डिफरन्शिअल आहे, कूलंट आहे. आणि दोष शोधण्याची पद्धत तर दोन्हीकडे एकच. लक्षण बघा, कारणांची यादी करा, सोपं कारण आधी तपासा, एका वेळी एकच गोष्ट बदला. ही पद्धत शिकायला अशी गाडी लागते, जी चुकून बिघडवली तरी कुणाचं मोठं नुकसान होत नाही. नव्या किटला हात लावताना आपणही घाबरतो आणि लॅब असिस्टंटही. पद्मिनीला कोण घाबरणार?

जुन्या गाडीत नवे प्रश्नही आहेत. पंपावर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्यातला बराचसा इथेनॉल उसापासून येतो आणि ऊस आपल्याच शिवारात आहे. पण पद्मिनीचे पाइप आणि पंपाचा पडदा या पेट्रोलसाठी बनलेले नाहीत. रबर फुगतं, मऊ पडतं, चिरतं. कुठलं रबर किती दिवस टिकतं, याचा शेवटच्या वर्षाचा एक झकास प्रोजेक्ट होईल. विकतच्या प्रोजेक्टपेक्षा तर नक्कीच चांगला!

तर माझा प्रस्ताव असा. दर वर्षी तिसऱ्या वर्षाच्या एका बॅचकडे गाडी द्यावी. पहिलं काम म्हणजे टाकीतलं कुजलेलं पेट्रोल काढणं, इंजिन ऑइल बदलणं, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडणं आणि इंजिन आधी हाताने फिरवून बघणं. लगेच सेल्फ मारायचा नाही. अडकलेल्या रिंगा तुटतील. ब्रेक झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही आणि हलवली तरी आवाराबाहेर न्यायची नाही. एक लॉगबुक ठेवावं. त्यात काय उघडलं, का उघडलं, काय सापडलं हे स्वतःच्या शब्दांत लिहावं. या लॉगबुकवर टर्मवर्कचे थोडे मार्क ठेवावेत आणि निदान एक तोंडी परीक्षा बोनट उघडून व्हावी. वर्कशॉपच्या ज्या इन्स्ट्रक्टरांना आपण 'सर' म्हणायलाही कधीकधी विसरतो, त्यांनी यात शिकवावं. गाडीचं ज्ञान त्यांच्या हातात आहे आणि ते निवृत्त झाले की त्यांच्याबरोबरच जाणार आहे.

औंढ्याजवळ लायगो-इंडिया उभारण्याला केंद्राने २०२३ मध्ये मंजुरी दिली. अणूच्या गाभ्याहूनही लहान हालचाल तिथे मोजली जाणार आहे. आपल्याच जिल्ह्यातलं एवढं मोठं काम बघायला आपण जाऊच. पण त्याआधी अर्धा मिलिमीटर फट मोजायला शिकायला काय हरकत आहे?

ऑफिसला विनंती एवढीच, की तो शेरा वर्षभर थांबवावा. आणि होस्टेलच्या मित्रांना विनंती, की येत्या रविवारी आपापले टॉवेल बोनटवरून काढावेत. ते उघडायचं आहे.

— एक विद्यार्थी, तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी